एकाच दाराची खोली

"मी सिब्रँड. एकोणिसाव्या पातळीचा गुप्तहेर. तीन राजांचे मुकुट मी त्यांच्या डोक्यावरून उचलले. ते आजही टोपी शोधताहेत. मुंगी शिंकली तरी मला दिसतं. एकच दार असलेल्या खोलीत मी पाऊल टाकत नाही, म्हणून जिवंत आहे. लिही, मार्लुस."

लिहिलं. पुढचं माझं.

सिब्रँड डेव्हेंटर स्टेशनच्या सायकलतळावर राखणदार आहे. गेल्या वर्षी त्याचीच सायकल तिथून चोरीला गेली.

*हे खोड. — सि.*

खोडणार नाही. एकोणिसावी पातळी असते ती हेसेलच्या जेवणाच्या टेबलावर. तिथे नऊ वर्षं आम्ही फाशांचा कथाखेळ खेळतो. हेसेल गोष्ट रचतो, आम्ही चौघं तिच्यातली पात्रं होतो. ही पात्रं आता इतकी बलाढ्य झालीत की डोंगर हलवतात. खेळानंतर कप कुणी विसळायचे, हे अजून ठरलेलं नाही.

प्रकरण असं. मार्चपासून खेळ बंद आहे. माझं पात्र, ओडा, ड्रॅगनच्या जबड्यात आहे आणि पुढची खेळी सिब्रँडची. एक ऑक्टोबरला हेसेल नोकरीसाठी नॉर्वेला जाणार. त्याआधी डाव झाला नाही, तर नऊ वर्षं वाढवलेली माझी ओडा कायमची तिथेच, दातात अडकलेल्या खसखशीसारखी.

"हा खून आहे," सिब्रँड म्हणाला. "कुणीतरी आपला खेळ मारलाय."

आधी संशय जुळ्या बहिणींवर, म्हणजे उरलेल्या दोघी खेळाडूंवर. त्या गुपचूप दुसरीकडे खेळत असणार. सिब्रँडने झाडामागून तीन तास पाळत ठेवली. मग त्यांनी खिडकी उघडून त्याला कॉफीला बोलावलं.

"मग हेसेल घाबरलाय," तो म्हणाला. "आपल्यापुढे टिकेल असा शत्रूच त्याच्याकडे उरला नाही."

"मी त्या शत्रूच्या तोंडात आहे."

"भावनेच्या भरात पुरावा बिघडवू नकोस."

तिसरा सिद्धांत: ड्रॅगनने हेसेलला फितवलं. इथे मी पेन खाली ठेवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही हेसेलकडे थडकलो. त्याची ब्याऐंशी वर्षांची फ्रौक्येमावशी आली होती. हेसेलने कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं, डबा बंद केला. सिब्रँडकडे बघितलंसुद्धा नाही.

"संशयिताचं मन वाचतो." सिब्रँडने वीस बाजूंचा फासा टाकला.

तीन.

"अपराधी!"

"अरे, तीनच पडले," मी म्हटलं.

"मग अपराध छोटा असेल."

"तुला खेळायचंय तरी का?" हेसेलने विचारलं.

"विषय बदलतोय. लिही."

तेवढ्यात मावशी चष्मा कपाळावर चढवून संडासातून बाहेर आली. "हेसेल, हा सिब्रँड कोण रे? वारला का?"

"समोर बसलाय, मावशी."

"मग त्याची ओळ कोरी कशी? बाकीच्यांनी केव्हाच फुल्या मारल्यात."

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात, तसा हेसेलने त्याच्या शेजारी मार्चमध्येच मोकळ्या रविवारांचा तक्ता टांगला होता. घरी येणारा प्रत्येक जण कधीतरी तिथे बसतो, आणि बसला की वाचतो. मी पहिल्याच आठवड्यात फुल्या मारून विसरूनही गेले होते.

"सहा महिने वाट बघतोय," हेसेलचा आवाज बारीक झाला. "वाटलं, तुला कंटाळा आला. मग विचारलंच नाही."

"कंटाळा?" सिब्रँड पांढराफटक पडला. "मी तिथे कधी गेलोच नाही. नऊ वर्षांत. त्या खोलीला दार एकच आहे."

खेळ संपताच हा सायकलवर वाऱ्यासारखा का सुटायचा, ते आता कळलं. आम्ही समजत होतो, आईची काळजी.

*हे तर खोडच. — सि.*

पेन्सिल आतच दोरीला बांधलेली. आत सापळे आहेत का हे बघायला सिब्रँडने फासा टाकला.

एक.

तरी गेला. बाहेर आला तेव्हा सगळ्यांना जमणारा एकच रविवार उरला होता: सप्टेंबरचा शेवटचा.

त्या दिवशी मावशी शेवट बघायला पुन्हा आली आणि कप विसळू लागली. हेसेलने घसा खाकरला. "ओडा जबड्यात आहे. दात मिटताहेत. सिब्रँड, तुझी खेळी."

"जबड्याला दारं किती?"

"एकच."

सिब्रँडने माझ्याकडे पाहिलं. हातातला फासा खाली ठेवला.

"आत जातो."

"येताना हात धू," मावशी स्वयंपाकघरातून ओरडली.