गुप्तदानाची भिंत

एका जंगलात, म्हणजे आपल्या इथल्या नव्हे हं बाळांनो, फार लांबच्या एका जंगलात, एक मोठा उतार होता. उताराच्या वरून सगळ्यांची येण्याजाण्याची वाट होती. उताराच्या खाली साळूबाईचं बीळ होतं. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, आणि जीभ त्याहून टोचरी.

हा उतार दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येई. एका वर्षी चिखल साळूबाईच्या दारापर्यंत आला. पुढच्या वर्षी स्वयंपाकघरात आला. यंदा तिला दोन पिल्लं झाली होती आणि ती झोपायची ती खोली नेमकी उताराच्या पोटाशी होती. आता काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

साळूबाई जंगलाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष होते गवाजीराव, म्हणजे गवा. एरवी त्यांनी तिला बसा म्हटलं असतं आणि स्वतः उठून गेले असते. पण त्याच आठवड्यात वरची वाट खचून खुद्द त्यांचा मागचा पाय घसरला होता. त्यामुळे प्रश्नाचं गांभीर्य त्यांना एकदम पटलं. उताराला चिऱ्यांची संरक्षक भिंत घालायची ठरली.

भूमिपूजन झालं. नारळ फुटला, तो माकडांनी खाल्ला. मग भाषणं झाली आणि प्रत्येकजण पायावरच बोलला. मोर म्हणाला, पाया हाच भिंतीचा प्राण. चिटणीस कोल्हा म्हणाला, न दिसणारं काम हेच खरं काम. गवाजीराव तर पायावर इतकं सुंदर बोलले की साळूबाईचे डोळे भरून आले.

तेव्हा बाळांनो, या गोष्टीत कोणीही मूर्ख नाही, हे लक्षात ठेवा. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आधी उताराच्या पायथ्याशी खोल चर खणायचा. तळाला मुरूम टाकून ठोकून ठोकून घट्ट करायचा. त्यावर चिऱ्यांचे थर सपाट बसवायचे आणि ते मातीत गाडून टाकायचे. हा झाला पाया. मग त्यावर भिंत चढवायची, जराशी उताराकडे रेललेली, मागे दगडगोटे भरलेली, पाणी निघून जायला भोकं ठेवलेली. शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं.

अडचण निराळीच होती. त्या जंगलात एक रीत होती. काहीही बांधायचं झालं की घरटी एक चिरा यायचा आणि चिऱ्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असायचं. पाणवठ्याच्या पायऱ्यांवर नावं होती. वडाच्या पारावर नावं होती. तिथल्या एका चिऱ्यावर 'कै. मुंगसाबाई यांच्या स्मरणार्थ' असं होतं. मुंगसाबाई अजून चांगल्या धडधाकट होत्या, पण पुढे जागा मिळेल न मिळेल म्हणून त्यांनी आधीच लावून घेतलं होतं.

याही वेळी चिऱ्यांचा ढीग पडला. रानडुकरांनी चर खणून दिला. आणि मग कोल्ह्याने खाकरून विचारलं, की पायात कोणाकोणाचे चिरे घालायचे?

सगळे आभाळाकडे बघायला लागले.

मोराला आपला चिरा सगळ्यात वर हवा होता. सशाला सशाच्या नजरेसमोर हवा होता, हरणाला हरणाच्या. खारूताई म्हणाली, मी घातला असता हो, पण अक्षर फार सुबक आलंय. गवाजीराव म्हणाले, माझं स्वतःचं काही नाही, पण अध्यक्षांचा चिरा मातीत गेला तर पदाचा अपमान होतो. साळूबाईने पुढे होऊन आपला चिरा चरात ठेवला. तो तिथे एकटाच पडून राहिला.

शेवटी गवाजीरावांनी तोडगा काढला. ते म्हणाले, "आधी भिंत उभी राहू द्या. पायाचं मागाहून बघू."

टाळ्या पडल्या. पायाशिवायची ती भिंत पहिल्या जोराच्या सरीला कोसळणार आणि कोसळणार ती थेट पिल्लांच्या अंगावर, हे साळूबाईला मात्र लख्ख दिसत होतं. नुसता चिखल आला असता तर निदान तो मऊ तरी असता.

मग ती दारोदार फिरली. विनवण्या केल्या, भांडली, टोचून बोलली. हरणाला तिने मिरवणारा म्हटलं. खारूताईच्या सुबक अक्षरात चूक काढली. गवाजीरावांना चारचौघांत विचारलं, की भाषणंच पायात भरायची आहेत का? एका घरी ती सकाळी गेली, दुपारी गेली आणि संध्याकाळी पुन्हा गेली. मुंगसाबाईंनी तर तिला लांबून येताना पाहून डोळे मिटून घेतले, स्मरणार्थ होऊन पडल्या. चिरा कोणी दिला नाही. उलट सारं जंगल साळूबाईला विटलं.

आभाळ भरून येऊ लागलं तेव्हा ती मोराकडे गेली. या वेळी भांडायचंही बळ उरलं नव्हतं. ती नुसती रडली.

मोर अवघडला. "साळूबाई, तुमचं दुःख कळतं मला," तो म्हणाला. "पण माझंच नाव का मातीत घालायचं? त्या रानकोंबड्याचं घाला ना. पहाटे पहाटे ओरडून झोपेचं खोबरं करतो मेला. त्याचं नाव माझ्या पायाखाली येणार असेल, तर चिरा मी आनंदाने देईन."

साळूबाईने डोळे पुसले. "द्या मग," ती म्हणाली. "चिरा तुमचा, नाव त्याचं. पालथा घालू. कोणाला कळायचं नाही."

मोराने मान तिरकी करून विचार केला. मग हळूच विचारलं, "दोन दिले तर चालतील?"

बाळांनो, त्यानंतर जे झालं ते त्या जंगलात पूर्वी कधी झालं नव्हतं. ही सोय कानोकान सगळीकडे पोचली. कोल्ह्याने तिला 'गुप्तदान' असं नाव दिलं, म्हणजे मग कोणालाच लाजायचं कारण उरलं नाही. ज्यांनी एका चिऱ्यासाठी महिनाभर कुरकुर केली होती, ते पाठीवर चार चार चिरे घेऊन चराशी यायला लागले. माकडाने वानराला गाडलं, वानराने माकडाला. सशाने कासवाच्या नावाचा चिरा दिला आणि कारण सांगितलं नाही. चर पुरेना. तो आणखी खोल खणावा लागला, आणखी रुंद करावा लागला.

आणि काम तरी किती मन लावून व्हावं! एकही चिरा डुगडुगता कामा नये, याची ज्याची त्याला काळजी, कारण डुगडुगणारा चिरा उद्या वर आला तर? फट दिसली की लगेच बारीक खडी ठासली जाई. ठोकायला धुमस आणला होता, पण तो पडून राहिला. सगळे स्वतःच चिऱ्यांवर चढून नाचले. गवाजीराव एका जागी इतका वेळ उड्या मारत होते, की रानडुकराला संशय आला. साळूबाईनेही सगळ्यांबरोबर एक गुप्त चिरा दिला. त्यावरचं नाव लांबलचक होतं आणि शेवटी राव होतं.

पाया मातीआड झाला. मग स्वतःच्या नावांची भिंत वर चढली. सगळ्यांना ती फार आवडली.

यथावकाश पाऊस आला आणि ठाण मांडून बसला. उतार सैल झाला, भिजून जड झाला आणि त्याने सगळा भार भिंतीवर टाकला. साळूबाई पिल्लांना पोटाशी धरून बसून राहिली. वरच्या ओळीतला मोराचा चिरा घरंगळत खाली आला. ससा, हरीण, खारूताई जरा पुढे कलले. पण खालून भिंत तसूभर हलली नाही. भोकांतून गढूळ पाणी वाहून गेलं, माती होती तिथे राहिली.

उघडीप झाल्यावर सभा भरली. गवाजीराव म्हणाले, ही भिंत आपल्या एकमेकांवरच्या प्रेमावर उभी आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आता पिल्लं वाढत होती. म्हणून साळूबाईने त्यांची खोली जरा मागे वाढवायला घेतली. उकरता उकरता तिची नखं पायाच्या सर्वांत खालच्या थराला लागली. खालून उकरल्यामुळे पालथ्या चिऱ्याची नावाची बाजू तिच्यासमोर आली. त्यावर लिहिलं होतं, साळू.

हा माझाच चिरा, तिला वाटलं. तिने शेजारचा जरासा मोकळा केला. त्यावरही साळू. पलीकडच्यावर साळूबाई, आणि अक्षर फार सुबक. त्यापुढच्यावर पुन्हा साळू. वानर, माकड, रानकोंबडा अधूनमधून होते, पण बाकी जिकडेतिकडे तीच होती. हे सगळे आपल्यावर नाचले होते, आणि किती आवडीने नाचले होते, ते तिने स्वतः पाहिलं होतं.

एक पिल्लू मागून आलं. त्याला नुकतीच अक्षरं लागत होती. "आई, इथे सगळीकडे तुझंच नाव का गं?"

साळूबाईने नखांतली माती झटकली. मग म्हणाली, "शेजाऱ्यांचा लोभ आहे माझ्यावर."

तिने उकरलेली माती पुन्हा चिऱ्यांवर दाबून दाबून बसवली. खोली आहे तेवढीच ठेवली. मग पिल्लांना त्या भिंतीला पाठ लावून झोपवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती खारूताईच्या दारात उभी राहिली आणि शेपटीवरून तिला चार शब्द ऐकवून आली, कारण पलीकडच्या उताराला अजून भिंत व्हायची होती आणि पायाला चिरे लागणारच होते.

तात्पर्य : ज्याचं कोणाशीच वाकडं नाही, त्याने उताराखाली घर करू नये.