मास्तर हसले आणि कोट उसवला

"शिंप्याचं अर्धं कसब कात्रीत आणि अर्धं तोंडात! गिऱ्हाइकासमोर काय बोलायचं नाही, ते तीस वर्षांत आपल्याला पाठ झालंय!" असं मास्तर दर दोन दिवसांनी ताईला ऐकवायचे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दुकानातली काजं-बटणं तीच करायची, आणि असल्या वाक्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडायची नाही.

त्या दुपारी वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. पाच वाजता ते न्यायाधीशपदाची शपथ घेणार होते. शहर बहुतेक गोऱ्यांचं, मास्तर आणि ताईही गोरे. वकीलसाहेब कृष्णवर्णीय. त्यांच्यापैकी कुणी त्या खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मास्तरांनी कोटात जीव ओतला होता. साहेब कोट घेऊन पडद्यामागे गेले आणि मास्तरांनी कानात इयरफोन खुपसून मोबाइल सुरू केला.

आठवडाभर शहरात ज्यावरून दोन तट पडले होते, तोच भाग! विनोदी मालिकेतलं एक गोरं कुटुंब नव्या काळ्या भाडेकरूला म्हणतं, "आम्हाला रंग दिसतच नाही हो!" आणि तेव्हापासून त्यांना तो माणूसच दिसेनासा होतो. आजोबा त्याच्या डोक्यावर आपली टोपी अडकवतात. मेहुणा खुशाल त्याच्या मांडीवर बसून चहा मागतो. अर्धं शहर म्हणत होतं, हा काळ्यांचा अपमान. उरलेलं म्हणत होतं, ही तर गोऱ्यांची बिनपाण्यानं हजामत! मास्तर हा भाग चौथ्यांदा बघत होते. मेहुणा मांडीवर बसला आणि मास्तर असे खिंकाळले की दांडीवरचे हँगर हलले!

नेमका तेव्हाच पडदा सरकला. वकीलसाहेब कोट घालून उभे.

"इतका वाईट दिसतोय?"

मास्तरांनी इयरफोन उपटून मोबाइल टेबलावर पालथा घातला. आपण त्या भागाला हसत होतो, हे सांगायचं? आणि तेही यांना?

"छे छे! म्हणजे... हो! डावा खांदा! हसण्यासारखाच झालाय!"

"मला तर ठीक वाटला."

"तुम्हाला कसा कळणार? दोष मागच्या बाजूला आहे!"

आणि मास्तरांनी तो सोन्यासारखा खांदा उसवायला घेतला. "खांदा उत्तम होता," ताई पुटपुटली. "तू गप बस," मास्तर त्याहून हळू पुटपुटले. डावा नव्यानं बसवला, तर उजवा उंच वाटू लागला. उजवा उसवला, तर बाही फिरली. तीन वाजेपर्यंत दोन्ही बाह्या टेबलावर मान टाकून पडल्या होत्या आणि कोटाची बंडी झाली होती!

वकीलसाहेब स्टुलावर शांत बसून होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, मी बावीस वर्षं उलटतपासण्या घेतोय. तुम्ही माझ्या खांद्याला हसलात, तेव्हा मी कुठे होतो?"

"पडद्यामागे."

"म्हणजे खांदाही पडद्यामागे. मग तुम्ही बघत काय होतात?"

"टेबल."

"टेबलाला हसलात?"

"मोबाइल बघत होता," ताईनं दातानं दोरा तोडत साक्ष दिली. "तोच भाग. चौथ्यांदा."

मास्तरांना वाटलं, आपणच त्या पडद्यामागे जाऊन बसावं.

"लावा बघू," वकीलसाहेब म्हणाले. "मी अजून पाहिला नाहीये."

मोबाइल इस्त्रीला टेकवून उभा केला. मास्तर बाही जोडत होते, पण डोळा साहेबांच्या चेहऱ्यावर. आजोबांनी टोपी अडकवली, साहेब गंभीर. मेहुणा बसला, साहेब गंभीर. मास्तरांनी सुई बोटात खुपसून घेतली. आणि मग मेहुण्याखालून भाडेकरूचा बारीक आवाज आला, "बसा, बसा. तुमची अडचण नाही ना होत?"

वकीलसाहेब स्टुलावरून घसरलेच! डोळे पुसत म्हणाले, "हे! हेच मी बावीस वर्षं म्हणतोय! कोर्टात, लिफ्टमध्ये, सगळीकडे!"

मास्तर चकित झाले. चारदा बघूनही हे वाक्य त्यांनी ऐकलंच नव्हतं. दर वेळी त्या जागी त्यांचं स्वतःचंच हसू चालू असायचं.

पण जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं. "असतात हो साहेब असली माणसं! तो मेहुणा तर नमुनाच!"

"असतात ना. मी या दुकानात पहिल्यांदा आलो, तेव्हा माप घेताना तुम्ही मला पाच वेळा सांगितलंत, 'आमच्याकडे सगळी गिऱ्हाइकं सारखीच.'"

"मग? चांगलंच बोललो की!"

"मी फक्त विचारलं होतं, पँट कधी मिळेल."

मास्तरांनी मान खाली घातली ती साडेचारला शेवटचा टाका घालूनच वर केली. खांदे पहिल्याइतके सुरेख नव्हते, पण अंगावर बसले. वकीलसाहेबांनी आरशात पाहिलं, मास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि शपथ घ्यायला गेले.

मास्तर टेबलावरचे उसवलेले दोरे गोळा करू लागले.

"ताई, खरंच पाच वेळा म्हणालो होतो मी?"

"सहा," ताई काजात सुई घालत म्हणाली. "दारापर्यंत सोडायला गेलास, तेव्हा परत एकदा."