शेषरावकाकांची दहा मिनिटं

शेषराव साळवे कुणालाही एकदा हाक मारत नाहीत. तीनदा मारतात, आणि तीही नावासकट, बापासकट, गावासकट. लॉ कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये कचोरी खात होते, तर व्हरांड्यातून आवाज आला, "ज्योती दगडू जाधव, राहणार राजूर, हाजीर होऽऽ!" हातातली कचोरी खाली पडली. मला वाटलं, आपल्यावर वॉरंट निघालं. तिसऱ्या हाकेला धावत बाहेर गेले, तर साठीचे एक गृहस्थ माझं ओळखपत्र घेऊन उभे. "फीच्या खिडकीपाशी पडल्तं," ते म्हणाले. "संभाळा, वकीलसाहेब."

काका अंबडला कोर्टात चौतीस वर्षं पट्टेवाले होते. दारात उभं राहून पुकारा करायचा, आत साहेबांपुढे पाणी ठेवायचं, फायली इकडून तिकडे पोचवायच्या. नोकरी करता करताच मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले, आणि रिटायर होताच आमच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसले. रोज अंबडहून जालन्याला एसटीने येत. शिकवणाऱ्या मॅडम वर्गात शिरल्या की हे ताडकन उठून पंखा दोनवर आणणार, टेबलावरचा खडू सरळ करणार, मगच बसणार. फळ्यावर कलमाचा आकडा चुकला तर तोंडाने सांगणं त्यांना उद्धटपणा वाटे, म्हणून खाकरत. त्या खाकरण्यावर आम्ही अर्धा वर्ग पास झालो.

दुसऱ्या वर्षी मराठीतल्या मूट कोर्ट स्पर्धेची नोटीस लागली. म्हणजे लुटुपुटूचं न्यायालय. खटला खोटा, अशील खोटे, पण समोर परीक्षक म्हणून बसणार ते खरेखुरे निवृत्त न्यायाधीश. आमच्या टीमला तिघे हवे होते. वर्गातला समीर जुन्या खटल्यांचे निकाल शोधून देणार, बोलणारी एक मी, आणि दुसऱ्या जागेसाठी काकांनी हात वर केला. वर्ग हसला. काका हसले नाहीत.

"चौतीस साल दुसऱ्यांची नावं घेतली," ते मला म्हणाले. "येकदा साहेबासमोर आपल्या मनचं बोलायचंय. बिलकुल दहा मिनिटं. नऊ न्हाई."

खटला होता 'सुवर्णदेश' नावाच्या काल्पनिक देशातला. तिथल्या नगरपालिकेने आठवडी बाजार उठवला, म्हणून कमलबाई नावाची भाजीवाली कोर्टात आली. आम्ही कमलबाईचे वकील. काकांनी कागद दोनदा वाचून विचारलं, "हा सुवर्णदेश कोणत्या तालुक्यात येतो?"

"काका, काल्पनिक आहे."

"मंग समन्स कुठं बजावायचं?"

अशिलाला भेटल्याशिवाय केस लढणं त्यांना पटेना. शेवटी अंबडच्या बाजारात एका खऱ्या भाजीवालीजवळ तीन तास बसून आले. तिला विचारलं, तुला इथून उठवलं तर काय करशील? ती म्हणाली, आधी मेथी घे, मंग सांगते. काकांनी बारा जुड्या घेतल्या, तेव्हा कुठे ती बोलती झाली. आठवडाभर समीरच्या, माझ्या आणि मॅडमच्या घरी मेथीच शिजत होती. पण खरं सांगते, आमच्या युक्तिवादातला सगळा जीव त्या मेथीतून आला. समीरच्या निकालांमधून नाही.

खरी पंचाईत सरावात झाली. न्यायाधीश म्हणून मॅडम बसत. काका छान सुरुवात करत, आणि मॅडमनी नुसती मान वळवली की युक्तिवाद टाकून पाण्याची बाटली आणायला पळत. मॅडम शिंकल्या, काका खिडकी लावायला. मॅडमचं पेन पडलं, काका टेबलाखाली. चार मिनिटांच्या पुढे गाडी जाईना. समीर गमतीने म्हणाला, पाय बांधू या. दुसऱ्या दिवशी काका खरंच सुतळी घेऊन आले. मॅडम नको म्हणाल्या, तेव्हा त्यांनी बोलताना पोडियम दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायची सवय लावली. "हात मोकळा ऱ्हायला की पळतोय," म्हणत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "घरचं माणूस बघायला आलं तर चालतं का?" चौतीस वर्षांत त्यांनी काकूंना एकदाही कोर्टात येऊ दिलं नव्हतं. मी दारापाशी उभा असतो, त्यात काय बघायचं, असं म्हणत टाळलं होतं. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले.

संभाजीनगरला स्पर्धेच्या सभागृहात, काकूंच्या देखत, काका उभे राहिले आणि त्यांनी पोडियम दोन्ही हातांनी घट्ट धरला. "महोदय," ते म्हणाले, "बाजार उठवायला नगरपालिकेला एक सकाळ लागली. गिऱ्हाईक जोडायला कमलबाईला वीस वर्षं लागली." न्यायाधीश पुढे सरकून बसले. मध्येच त्यांनी पाण्याचा ग्लास शोधला. काकांचा खांदा हलला, पण हात सुटले नाहीत. समीरने माझा हात दाबला. सहा मिनिटं. सात मिनिटं.

आणि पंख्याने विरोधी टीमच्या मुलीचे कागद उडवले. बिचारी रडकुंडीला आली. काका निघालेच. वाकून एकेक पान गोळा केलं, क्रमाने लावलं, आणि आमच्याविरुद्धचा सर्वांत कडक निकाल वर ठेवून तिच्या हातात दिला.

"विद्वान वकील," न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही सामनेवाल्यांची बाजू मजबूत करताय."

काका पोडियमपाशी परतले. "साहेब, कागद कुणाच्या बी बाजूचा असो, कोर्टात खाली पडलेला बरा दिसत न्हाई." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मग त्यांनी उरलेला युक्तिवाद संपवला, आणि घंटा झाली तेव्हा बरोबर दहा मिनिटं झाली होती.

त्या मुलीने तोच निकाल वाचून आम्हाला हरवलं. तरी बसस्टँडवर काकांनी आम्हाला जिलबी खाऊ घातली. मी इतकी खुशीत हरलेली माणसं पुन्हा पाहिली नाहीत.

जिलबी खाताना समीर काकूंना म्हणाला, "काकू, खुर्च्या रिकाम्या होत्या. तिथल्या मुलांनी दोनदा खुर्ची आणून दिली, तरी तुम्ही भिंतीपाशी उभ्या का राहिलात?"

काकू संकोचल्या. "हे उभे व्हते ना," त्या म्हणाल्या. "इतके साल कोर्टात उभं राहून ह्यांचे पाय सुजायचे, अन् मी घरी बसलेली. आज डोळ्यांपुढं उभे व्हते. मंग मी कशी बसू?"

काकांनी हातातला द्रोण माझ्याकडे दिला, रुमालाने बाकडं पुसलं आणि म्हणाले, "गया, आता तरी टेक जरा."

काकू टेकल्या. मग तेही टेकले.