बसल्यावर सगळी माणसं सारखीच

"स्वयंपाकघर बदलायला इंजिनिअर कशाला हवा? माझा जन्म गेलाय ओट्यापाशी!" सासूबाईंनी जाहीर केलं. आणि त्या एकदा जाहीर करायला लागल्या, की घरातला पंखासुद्धा जरा हळू फिरायचा!

झालं होतं असं, की आजाराने वर्षभरात सुनेच्या पायांतला जोर काढून घेतला होता. आता चाकांची खुर्ची आली होती. हातही मधूनच थरथरायचे. हे बरं होण्यातलं नाही, असं डॉक्टरांनी चांगलं गोड बोलून सांगितलं होतं. सून रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, सकाळचा चहा मी करीन. तेवढं एक माझ्याकडे राहू द्या."

सासूबाईंना आधी रागच आला. "का गं? माझ्या हातचा कडू लागतो?" पण दुपारी भांडी घासता घासता त्यांना तिचं म्हणणं कळलं, हातातलं पातेलं तसंच राहिलं आणि ओटा बसून वापरता येईल असा करून घ्यायला त्यांनी पदर खोचला.

सून उपचारांसाठी इस्पितळात गेली, मुलगा तिच्या सोबतीला. इकडे मिस्त्री आला.

"मावशी, वहिनींना येऊ द्या. त्यांच्या खुर्चीत बसवून माप घेऊ."

"म्हणजे आल्या आल्या तिने तुझी धूळ खायची? माझं माप घे!" सासूबाई जेवणाच्या खुर्चीवर ठाण मांडून बसल्या.

"पण वहिनी कशा उंच आहेत, आणि तुम्ही…" मिस्त्रीने पुढचं गिळलं. कारण सासूबाईंना वरच्या फळीवरचा डबा काढायचा, तर पायाखाली पाट घ्यावा लागायचा.

"उंची असते पायांत! बसल्यावर सगळी माणसं सारखीच. ओढ रेघ!"

मिस्त्रीने रेघ ओढली. त्या आवाजापुढे भिंतसुद्धा वाकली असती!

ओटा झाला. सासूबाईंनी नुसता बघायला म्हणून खुर्ची सरकवली. बसून भाजी चिरली, बसून परतली, आणि मग उठायचंच विसरल्या. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी बसून स्वयंपाक केला होता! गुडघ्यांनी एकदासुद्धा कुरकुर केली नाही. "असा बेतावा लागतो ओटा!" त्यांनी कढईलाच ऐकवलं.

सून घरी आली. मुलाने कौतुकाने खुर्ची ओट्याकडे ढकलली, आणि धाड! सुनेचे गुडघे काठावर आपटले.

"हळू रे गाढवा! तिरकी घे!"

तिरकी घेतली, तर शेगडीपर्यंत हात पोचेना.

"खुर्चीच चुकीची आणलीस तू," सासूबाईंनी निकाल दिला. "गादी काढ तिची!"

गादी काढली. सून खाली गेली, गुडघे ओट्याखाली शिरले आणि तिथेच अडकले. बाटलीत बूच बसावं तसे! मुलगा मागून ओढतोय, सासूबाई ओट्याखाली रांगत जाऊन गुडघे दाबतायत, सून आधाराला काहीतरी धरायला जातेय. तिच्या हाताला लागला साखरेचा डबा. तो लवंडला तो थेट सासूबाईंच्या अंबाड्यावर!

"आई, लागलं का हो?"

"मला काय लागतंय!" म्हणून त्या तोऱ्यात उठल्या, आणि डोकं खण्णकन ओट्याला!

सून हसायला लागली. हसली, हसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. डोळे पुसत ती म्हणाली, "आई, पाय गेलेत माझे. मी इथेच आहे. एकदा मला विचारायचंत."

सासूबाई ओट्याखालीच बसून राहिल्या, केसांतून साखर गळत.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. या वेळी सून तिच्या खुर्चीत बसून सांगत होती, "अजून वर. अजून जरासं. हां, इथे." सासूबाई दारात उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. शोभेला नव्हे, तोंड बंद राहावं म्हणून!

काम संपलं त्या सकाळी सुनेने चहा ठेवला. हात थरथरत होता. सासूबाईंनी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. कप समोर आला, अर्धा चहा बशीत. त्यांनी बशीतलाच आधी प्यायला.

"साखर नाही गं यात."

"डब्यात होती तेवढी तुमच्या डोक्यात गेली, आई."

मिस्त्री कोपऱ्यात सिमेंट खरवडत होता. "मावशी, अर्धाच ओटा वर घेतलाय बरं का. ही बाजू खालीच राहू द्या म्हणाल्या वहिनी. कुणासाठी ते काही बोलल्या नाहीत. बसणाऱ्याचं माप एकदा घेऊन टाकू?"

सून खिडकीबाहेर बघत चहा पीत होती.

सासूबाईंनी खुर्ची ओढली, खालच्या बाजूला बसल्या आणि पुटपुटल्या, "माप कसलं घेतोस मेल्या? माझंच आहे ते!"