रोवेनाची चिकट रॅकेट

रॅकेट पुसून ठेवावी, एवढंच मी ठरवलं होतं. निवृत्त माणसाने दुपारच्या वेळी स्वतःहून काही ठरवू नये, असं माझ्या बायकोचं, कुमुदचं, जुनं मत आहे. त्या दुपारी तिला पुरावा मिळाला.

रॅकेट माझी नव्हती. रोवेनाची होती. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमचा मुलगा सत्यजित राहतो, त्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पाच-सहा फिलिपिनो बायका एकत्र राहतात, त्यांतली ही एक. पस्तिशीची, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. आमच्या नातीला, पर्णिकाला, शाळेच्या बसवरून आणण्याचं काम माझ्याकडे आहे. (बस चुकीच्या गेटपाशी थांबते असं माझं म्हणणं. मी चुकीच्या गेटपाशी थांबतो असं ड्रायव्हर गनीचं म्हणणं. त्या वादात पर्णिकाला बहुतेक वेळा रोवेनाच घरी घेऊन यायची.)

आपल्या लोकांना क्रिकेट, तसं इथल्या या मंडळींना टेबल टेनिस. दर रविवारी अल क्वोजमधल्या एका गोडाऊनमध्ये टेबलं मांडतात, कोपऱ्यात नूडल्सचे ट्रे उघडतात, कुणीतरी माइक हातात घेतो आणि तो रात्रीपर्यंत सोडत नाही. वर्षाकाठी एक मोठी स्पर्धा होते. तिच्या अंतिम सामन्यात रोवेना लागोपाठ तीन वर्षं हरली होती, आणि तिन्ही वेळा एकाच बाईकडून.

त्या बाईचं नाव मिलाग्रोस. एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर, वय पन्नाशीच्या पुढे, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. ती खेळताना जागची हलत नाही. तिच्या रॅकेटच्या एका बाजूला लांब लांब दाण्यांचं रबर आहे. तुम्ही जोर लावून बॉलला फिरकी द्यावी, तिने नुसती रॅकेट धरावी, आणि तुमचीच फिरकी उलटी होऊन तुमच्याकडे परत यावी. म्हणजे आपण रागाने लिहिलेला मेमो खाली आपलंच नाव घालून आपल्याच टेबलावर यावा, तसं. हे दाणे सांभाळायला फार अवघड, म्हणून त्यांच्या लीगमध्ये ते दुसरं कुणी वापरत नाही.

यंदाही अंतिम सामना त्या दोघींतच होता, आणि रोवेनाची ही शेवटची स्पर्धा होती. नोकरीचा करार संपला होता आणि ती कायमची गावी, इलोइलोला, परत चालली होती. तिला खेळ शिकवला तिच्या वडिलांनी, गावातल्या सिमेंटच्या टेबलावर, जाळीच्या जागी आडवी फळी ठेवून. दरवर्षी स्पर्धा झाली की म्हातारा व्हिडिओ कॉलवर विचारतो, जिंकलीस का. दरवर्षी ही सांगते, पुढच्या वर्षी.

"या वर्षी मला 'नेक्स्ट इयर' म्हणता येणार नाही, अंकल," ती मला म्हणाली होती.

म्हणून तिने रॅकेटच्या एका बाजूला नवं लाल रबर लावून घेतलं होतं. डाव असा, की सर्व्हिस जाळीच्या अगदी जवळ टाकायची, तीही भरपूर फिरकीची, म्हणजे मिलाग्रोसला नाइलाजाने जागा सोडून पुढे यावं लागेल. हे मला सगळं समजत होतं, कारण तिच्याकडची नियमांची पुस्तिका मी वाचली होती. (घरातलं बाकी सगळं वाचून झालं होतं, वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकासकट.) शिवाय ती रॅकेट पेन धरतात तशी धरायची. असं धरणारी जुनी माणसं आता कमीच उरली आहेत. त्यांच्या लीगमध्ये फक्त रोवेना आणि मिलाग्रोस. माझ्यासारख्या कारकुनाला त्या पकडीचं कौतुक वाटणारच.

माझ्या या वाचनाचा परिणाम असा झाला, की अंतिम सामन्याचा पंच म्हणून तिने माझं नाव सुचवलं. त्यांच्यात प्रत्येक पंच कुणाचा तरी मामेभाऊ निघतो, नाहीतर कुणाच्या तरी बाळाचा गॉडफादर. त्यावरून दरवर्षी भांडणं. माझा तिथे कुणीच नव्हता. नेस्टर नावाचा त्यांचा मुख्य आयोजक मला फोनवर प्रश्न विचारू लागला. सर्व्हिस करताना बॉल उघड्या तळहातावरून सरळ वर उडवावा लागतो, हे मी त्याला परिच्छेद क्रमांकासह ऐकवलं. त्याने घाईघाईने माझी नेमणूक केली. फोन ठेवण्यासाठी असावी.

तर, शनिवारी सकाळी रोवेनाने ती रॅकेट आमच्याकडे आणून दिली. तिच्या खोलीत एसी कितीवर ठेवायचा यावर सहा जणींची सहा मतं, आणि उन्हाळ्यात रबर खराब होतं. तिला शनिवार-रविवार ड्यूटी होती, रविवारच्या सामन्याला ती परस्पर गोडाऊनच्या हॉलवर येणार होती. रॅकेट मी आणायची. "थंड जागी ठेवा अंकल, बस," एवढं सांगून ती गेली.

जेवण झाल्यावर मी ती सहज कव्हरमधून काढली. लाल बाजूवर बोट ठेवलं, तर बोट चिकटलं. उचललं, तर रॅकेटही थोडी उचलली गेली. पर्णिकाचा जॅमचा हात लागला असणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं. (पर्णिका तेव्हा स्विमिंगला गेली होती. पण तपासाला एकदा दिशा मिळाली की अशा गोष्टी आड येऊ द्यायच्या नसतात.) मी ओल्या फडक्याने पुसलं. ते आणखी चिकट झालं.

तेवढ्यात माझी नजर सत्यजितच्या कॅरम बोर्डवर गेली. आमच्या ऑफिसात मी सलग तीन वर्षं कॅरम चॅम्पियन होतो. (त्यातल्या एका वर्षी दुसरी एंट्रीच आली नव्हती.) पृष्ठभाग चिकट झाला की काय करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. मी कॅरमची पावडर घेतली, लाल रबरावर सढळ हाताने भुरभुरली आणि तळहाताने गोल गोल घोळवून चांगली जिरवली. मग त्याच हाताने काळ्या बाजूलाही.

कुमुद भाजी निवडत होती. तिने विचारलं, "तिने सांगितलं होतं का तुम्हाला?"

मी म्हणालो, काही कामं न सांगता करायची असतात.

"तीच तुम्ही करता," ती म्हणाली.

शेवटी मी रॅकेटवर स्ट्रायकर ठेवून बोटाने हलकेच टिचकी मारली. तो सरळ घसरत गेला आणि सोफ्याखाली पडला. माझं समाधान झालं. मी रॅकेट कव्हरमध्ये घातली आणि चेन लावली.

रविवारी सत्यजितने आम्हाला गाडीने सोडलं. मागच्या सीटवर मी, कुमुद आणि मध्ये पर्णिका. मी पर्णिकाला जॅमबद्दल चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि रॅकेट कशी साफ केली तेही. ती शांतपणे ऐकत होती.

"आजोबा, इट्स सपोज्ड टू बी स्टिकी," ती म्हणाली. "दॅट्स हाउ यू गेट स्पिन."

गाडी चालू असतानाच मी रॅकेट काढून रुमालाने घासू लागलो. रुमाल पांढरा झाला. रबर तसंच गुळगुळीत. कुमुद खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

हॉलवर पोचल्यावर रोवेनाला गाठून सगळं सांगायचं, असं मी ठरवलं. पण ती आली तेव्हा नेस्टर माइकवर तिचं नाव तिसऱ्यांदा पुकारत होता. अंगावर दवाखान्याचाच युनिफॉर्म, पायात खेळायचे बूट. मी म्हणालो, "रोवेना, ही रॅकेट आहे ना..." ती म्हणाली, "थँक यू, अंकल," कव्हर माझ्या हातून घेतलं, क्रॉसची खूण केली आणि टेबलाकडे गेली. मी माझ्या उंच खुर्चीवर जाऊन बसलो. इतक्या उंचीवर मी नोकरीत कधी बसलो नव्हतो, आणि उतरावंसं इतकं कधी वाटलंही नव्हतं.

खेळ सुरू होण्याआधी दोघींनी आपापली रॅकेट एकमेकींना आणि पंचाला दाखवायची, असा नियम आहे. मिलाग्रोसने रोवेनाची रॅकेट घेतली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लाल रबरावरून एक बोट फिरवलं. हॉटेलात कपाटावरची धूळ बघताना फिरवतात तसं. मग ते पांढरं बोट तिने मला दाखवलं.

"सर, पावडर."

रोवेनाने रॅकेट हातात घेतली. अंगठा फिरवून पाहिला. तिचा चेहरा मी सांगत बसत नाही. ती एवढंच म्हणाली, "मी नाही केलं." हळूच म्हणाली, पण मागच्या रांगांमधली कुजबूज तितकी हळू नव्हती. त्यांची भाषा मला येत नाही. तरी कुणाबद्दल काय बोललं जातंय, ते कळायला भाषा लागत नाही. तीन वर्षं हरली, म्हणून या वर्षी लबाडी केली.

नेस्टर माइक घेऊन धावत आला. मी खुर्चीवरून उतरलो.

"पावडर मी लावली," मी म्हणालो.

"का?" नेस्टरने विचारलं, आणि माइक माझ्या तोंडासमोर धरला.

"चिकट होती म्हणून."

सगळा हॉल मग हसू लागला. कुणीतरी माझ्या वाक्याचं त्यांच्या भाषेत भाषांतर केलं, तेव्हा ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं तेही हसले. कुजबूज मात्र थांबली, तेवढं बरं झालं.

पण नियम होताच. रबरावर कसलीही प्रक्रिया केलेली चालत नाही. पुस्तिका माझ्या खिशात होती, तेव्हा तो परिच्छेद मीच मोठ्याने वाचून दाखवला. गुन्हा माझा, कबुली माझी, निकालही माझा. शिक्षा तेवढी रोवेनाला. पेनसारखी धरायची, आखूड मुठीची रॅकेट दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि लांब मुठीची तिच्या हातात बसेना. नेस्टर म्हणाला, मग सामना मिलाग्रोसला द्यावा लागेल. रोवेना कव्हरची चेन लावत उघडत उभी राहिली.

मिलाग्रोसने चष्मा काढून पुन्हा गळ्यात सोडला.

"हिला हरवायला मी सुट्टी घेतलीय," ती म्हणाली. "पावडरला हरवायला नाही."

आणि तिने पिशवीतून स्वतःची जादा रॅकेट काढून रोवेनाच्या हातात ठेवली. तीच आखूड मूठ. तेच लांब दाणे.

माझ्यासंबंधी काय करायचं, हे पुस्तिकेत नव्हतं. पंचाने खेळाडूची रॅकेट बिघडवली तर काय, असा विचारच नियम करणाऱ्यांच्या मनात आला नसावा. नेस्टरने जरा विचार केला आणि मला पिवळं कार्ड दाखवलं. मग त्याने ज्याचं इथे कुणीच नाही अशा माणसासाठी हॉलभर नजर फिरवली. दुसऱ्या रांगेत कुमुद नूडल्समधली कोळंबी बाजूला काढत बसली होती.

तिने मराठीत सांगितलं, की मला यातलं ओ की ठो कळत नाही.

"आज्जी, जस्ट लुक ॲट देम," पर्णिका म्हणाली.

कुमुद पदर खोचून खुर्चीवर बसली आणि तिने मला गुणफलकाचे आकडे उलटायला बसवलं. ती गुण मराठीत सांगायची, पर्णिका इंग्रजीत ओरडायची. पहिल्याच गेममध्ये मिलाग्रोसने सर्व्हिस करताना बॉल अंगाआड नेला. "मला दिसला नाही तो. परत टाक," कुमुद म्हणाली. नियम तंतोतंत हाच आहे. फक्त पुस्तिकेत त्याला पाऊण पान लागलं आहे. मिलाग्रोसने नियम तोंडपाठ असलेल्या पंचांशी तीन वर्षं वाद घातला होता. कुमुदच्या चेहऱ्याकडे बघून तिने मुकाट्याने परत टाकला.

पहिला गेम रोवेना हरली. परकी रॅकेट, हात बसत नव्हता. दुसऱ्यातही मागे पडली. मग तिने रॅकेट फिरवून दाण्यांची बाजू पुढे आणली, आणि मारणंच सोडून दिलं. नुसती धरून उभी राहिली.

मिलाग्रोसने फिरकी दिली. ती उलटी होऊन तिच्याकडे परत आली. बॉल जाळीत. तिने हळू मारून पाहिला, तर तो तरंगत आला आणि तिच्यासमोर भलत्याच जागी पडला. आपण स्वतः आवरलेल्या खोलीत कुणी पसारा करून ठेवावा, तसं ती टेबलाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ते दाणे फक्त तिच्याकडे होते, म्हणून त्यांच्यासमोर उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. रोवेना मात्र तीन वर्षं दुसरं काही करत नव्हती. ते कुठे दुखतं, हे तिला तोंडपाठ होतं.

पाचव्या गेमपर्यंत गेलं. शेवटचा बॉल जाळीत गेला तो मिलाग्रोसचा. मी आकडा उलटायचा विसरलो. कुमुदने खुर्चीवरून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात कुणीतरी फोन धरला. पडद्यावर बनियन घातलेला म्हातारा, मागे कोंबड्यांचा आवाज. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला असावा. रोवेनाने नुसता कप वर धरला. म्हातारा बराच वेळ डोळे पुसत होता. मग मिलाग्रोस मध्ये डोकावून काहीतरी बोलली आणि तो खो खो हसला. काय म्हणाली, असं मी नेस्टरला विचारलं.

"म्हणाली, तुमच्या मुलीला माझी रॅकेट परत करायला सांगा."

रोवेना गावी गेली. कप सामानात बसेना म्हणून हातात घेऊन गेली. जाताना तिने माझे आभार मानले. तुम्ही पावडर लावली नसती तर मी याही वर्षी हरले असते, असं ती म्हणाली. हे वाक्य मी घरात बऱ्याच जणांना, बऱ्याच वेळा ऐकवलं. एका अर्थी तो विजय माझाच होता, अशा निष्कर्षापर्यंत मी जवळजवळ आलो होतो, तेवढ्यात नेस्टरचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

पुढच्या महिन्यात आणखी एक स्पर्धा आहे, तो म्हणाला, आणि आम्हाला चांगला पंच हवा आहे. मी ताठ बसलो, खिशातली पुस्तिका चाचपली आणि म्हणालो की रविवार मोकळा आहे.

"व्हेरी गुड, सर. मॅमना विचाराल?"

मी फोन कुमुदपुढे सरकवला. तिने तारीख विचारली, हॉल कुठला ते विचारलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना आणू का बरोबर?"



"ओके, मॅम," नेस्टर म्हणाला. "पण दारातच त्यांचे हात धुवून घ्या."