शेगडीवरचा गार्थ

टाइल पुसली आणि टाइलवरचा गार्थही पुसला गेला. नेव्हिल पास्कोने थिनरचं फडकं शेडच्या भिंतीवर भिरकावलं आणि अशी शिवी हासडली, की स्वयंपाकघरात पेस्टीचं, म्हणजे खिमा भरलेल्या करंजीचं, पीठ मळणाऱ्या त्याच्या बायकोने, डल्सीने आधी खिडकी लावली आणि मग पुन्हा उघडली. कारण तिला उत्तर द्यायचं होतं.

"मेल्यावरसुद्धा छळतोय मला," नेव्हिल ओरडला.

"रंग पातळ तू मारलास. त्यात त्याचा काय दोष?"

गार्थ ट्रेझीस आणि नेव्हिल नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या आमच्या बोल्स क्लबच्या अंतिम सामन्यात नेव्हिलचा शेवटचा चेंडू आणि समोरच्याचा चेंडू छोट्या पांढऱ्या गोळीपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर थांबले होते; ज्याचा चेंडू गोळीला जास्त जवळ, तो जिंकणार. मोजायला गार्थ बसला. तो नेव्हिलचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याने टेप लावली, डोळे बारीक केले आणि दोन मिलिमीटरने नेव्हिलला हरवलं. तेव्हापासून एक जण क्लबच्या या टोकाला बसायचा, दुसरा त्या टोकाला, आणि मीठ हवं असलं तरी तिसऱ्याकरवी निरोप जायचा.

मे महिन्यात गार्थ गेला. मैदानाकडेच्या विटांच्या शेगडीवर त्याने तीस वर्षं दर शनिवारी सगळ्या क्लबसाठी सॉसेज भाजली होती. तिथे त्याचा फोटो लागावा, एवढंच त्याच्या बायकोला, लॉर्नाला हवं होतं. कागद तिथे जळाला असता आणि लाकूडही. टिकली असती ती टाइल. आणि टाइलवर फोटो कोरणारं लेझर मशीन गावात एकट्या नेव्हिलकडे होतं.

लॉर्नाने विनंती वगैरे केली नाही. नेव्हिलच्या टेबलावर तिने फोटो आपटला. पांढऱ्या कपड्यांतला गार्थ खदखदून हसत होता आणि त्याला खेटून नेव्हिल उभा होता.

"फक्त तो घे. तू नकोस. तुझ्याशेजारी उभं राहायला त्याला आवडलं नसतं."

"मला तरी कुठे आवडतंय? दुसरा फोटो नाही का?"

"बाकी सगळ्या फोटोंत तो सॉसेजकडे बघतोय."

एरवी कुणाचा कुत्रा कोरायचा असला तरी नेव्हिल अख्खी संध्याकाळ त्या फोटोवर बसायचा. गार्थला त्याने चार मिनिटं दिली. दोघांपैकी एकाचंही तोंड त्याला बघायचं नव्हतं. कॉम्प्युटरवर त्याने गार्थच्या कडेकडेने रेघ फिरवली आणि रेघेबाहेरचं सगळं, म्हणजे स्वतःला, उडवून टाकलं. पहिली टाइल फुकट गेल्यावर दुसरीला पांढऱ्या रंगाचे दोन जाड थर दिले आणि मशीन तीन तास चालवलं. लेझरची आच लागते तिथला रंग काळा होऊन टाइलला कायमचा चिकटतो. पण वरचा रंग थिनरने पुसेपर्यंत चित्र असं दिसत नाही, नुसती मळकट टाइल दिसते.

तेवढ्यात क्लबचा अध्यक्ष अर्नी याचा फोन आला. अनावरणाला टाइलवर झेंडा टाकायचा की टेबलक्लॉथ, यावर कमिटीत भांडण जुंपलं होतं. नेव्हिल म्हणाला, काही टाकू नका, मी सगळ्यांसमोर रंग पुसतो, गार्थ आपोआप बाहेर येईल. अर्नीला ते फारच आवडलं.

"आधी घरी पुसून बघ," डल्सी म्हणाली.

"मला माझं काम शिकवू नकोस," असं म्हणून नेव्हिलने शुक्रवारीच टाइल शेगडीमागच्या विटांवर पक्क्या सिमेंटने बसवली.

शनिवारी साठ माणसं हातात पावाची कोरडी स्लाइस घेऊन उभी होती. थिनर पेट घेईल म्हणून शेगडी बंद होती आणि अर्नीचं भाषण संपत नव्हतं. लोक चिडले होते. शेवटी नेव्हिल पुढे झाला. फडकं फिरलं तसे केस आले, कपाळ आलं, मिटलेले हसरे डोळे आले. लॉर्ना पुढे सरकली. कुणीतरी नाक शिंकरलं. नेव्हिलची छाती फुगली. त्याने झोकात खालपर्यंत फडकं ओढलं. कॉलर आली, खांदा आला, आणि खांद्यावर पाच बोटं आली.

पांढऱ्या शर्टावरचा गोरा हात कॉम्प्युटरवर त्याला दिसलाच नव्हता. टाइलवर त्याचं पेर न् पेर उमटलं होतं.

"हात कुणाचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"लॉर्नाचा नाही. केवढा जाड आहे."

"मधलं बोट बघा. अर्धंच आहे."

साठ जणांनी फडकं धरलेल्या हाताकडे पाहिलं. त्याचं मधलं बोट तरुणपणी गव्हाच्या कापणीयंत्राने अर्धं नेलं होतं. नेव्हिलने तो हात फडक्यासकट खिशात घातला. थिनर मांडीला झोंबायला लागलं, पण हात बाहेर काढायची सोय नव्हती.

"मी सांगितलं होतं, फक्त तो," लॉर्ना म्हणाली.

"फक्त तोच आहे."

"मग खांद्यावर काय काकाकुवा बसलाय?"

नेव्हिलला टोमणे सहन होत नाहीत. त्याने शेगडीची खरवडणी उचलली आणि टाइलच्या कडेत खुपसली. टाइल हलली नाही, विटेचा एक टवका मात्र उडून अर्नीच्या टोपीला लागला. दुसरा घाव घालणार, तोच लॉर्नाने त्याचं मनगट धरलं. ती रागाने लाल झाली होती.

"नऊ वर्षं दर शनिवारी घरी येऊन तुझंच पुराण लावायचा. नेव्ह असा बसला, नेव्हने असं तोंड केलं. माझं जेवण गार व्हायचं. तेव्हा नाही निघाला तुझा हात त्याच्या खांद्यावरून, आता काय खरवडतोस? राहू दे."

"त्याने मोजलंच चुकीचं," नेव्हिल पुटपुटला.

"मग ते त्याला सांग. मला कशाला सांगतोस?" तिने त्याच्या हातात चिमटा दिला. "आणि ही माणसं उपाशी आहेत."

थिनर पुसलं, शेगडी पेटली. सॉसेजची पहिली रांग नेव्हिलने करपवली. कांदा काळा झाला. आच कमी कर, आच वाढव, उलटव, नको उलटवूस, असं चौघांनी एकदम सांगितलं. समोर गार्थ हसत होता. नेव्हिलने थोडा वेळ सोसलं. मग तो वाकला, नाक टाइलला टेकेल इतका वाकला, आणि दातओठ खात म्हणाला, "टेप ढिली धरली होतीस तू."

अर्नीने पाव पुढे केला, तर लॉर्नाने त्याला बाहीला धरून मागे ओढलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं चाललंय."