देवतेचे नाव (एकच लिहावे)

ज्या देवाची सरकारदरबारी नोंद नाही, तो आहे असे मानायला कायद्यात काडीचाही आधार नाही. हे गंभीर सत्य कोरीटच्या गिरधर गुरवाला १९३८ साली, वयाच्या साठाव्या वर्षी कळले. नंदुरबारकडून येणारा नवा मोटाररस्ता नेमका त्याच्या देवळातून आखला होता. देऊळ ऐतिहासिक ठरले तरच वाचणार होते, आणि त्यासाठी अर्जात देवतेचे नाव भरायचे होते.

इथेच पंचाईत झाली. गाभाऱ्यात छातीएवढा शेंदराचा गोळा होता. शनिवारी तो मारुती असे, मंगळवारी देवी, रविवारी खंडेराव आणि अमावास्येला गाव म्हणेल तो. एवढ्याशा जागेत इतक्या देवांची सोय लावणारी ही व्यवस्था पाचशे वर्षे बिनतक्रार चालली होती. (पाचशे हा आकडा गिरधरचा. त्याचे वडील चारशे म्हणत.)

“खरवडून पाहा,” कचेरीचे कारकून म्हणाले.

गावाने एकमताने ठराव केला आणि एकमताने हात मागे घेतले. वाहिद कल्हईवाला मुसलमान, तेव्हा देवाचा कोप त्याच्या हद्दीत चालत नाही, असा सखोल अभ्यास करून त्याला बोलावण्यात आले. त्याने कानाला हात लावले.

“गिरधरभाऊ, हाई काम मन्हाकडथून व्हवाव नही. मन्ही मायनी मन्हाकरता आठेच, याच देऊळमा नवस बोलेल व्हता.”

“कोन्हाले?” गिरधरने आशेने विचारले.

“ते तिले तरी कोठे ठाऊक!”

शेवटी गिरधरनेच खुरपे घेतले. उभ्या जन्मात तो इतका घाबरला नव्हता. बापाचा शेंदूर निघाला, आजाचा निघाला, पणजाचा निघाला. तिसऱ्या दिवशी गोळा नारळाएवढा झाला, मग सुपारीएवढा, मग उरलाच नाही. आत साधा दगडसुद्धा नव्हता. गिरधर मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

कारकून मात्र नियमाचे पक्के. त्यांनी लिहिले: “देवता अंतर्धान पावली. अंतर्धान पावण्यासाठी आधी असणे भाग आहे. सबब, देवस्थान जागृत.”

रस्त्याने वळसा घेतला. ज्याच्यासाठी सरकार वाकडी वाट करते तो देव केवढा असेल, म्हणून आता लांबलांबून गर्दी लोटते. परवा तुमची मोटार त्या वळणावरून गेली, तेव्हा तुम्हीही हात जोडलेत. गिरधर पायरीवरून बघत होता. कोणाला जोडलेत, तेवढे त्याला सांगून जा. तो बिचारा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असतो.